पाचवा गट

शार्लट विमानतळ, गेट बी-सात, डिसेंबरची वीस तारीख.
बावीस वर्षं मी माइकवर तेच वाचते आहे,
फक्त कंपनीचं नाव दोनदा बदललं:
"गणवेशातल्या आमच्या सैनिकांनी आधी यावं,
तुमच्या सेवेबद्दल आम्ही ऋणी आहोत,
आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवा."
सगळं एका दमात. स्वल्पविरामाला फुरसत नसते.

नाताळच्या सुट्टीवर सोडलेली पोरं येतात
दक्षिणेकडच्या छावणीतून.
कानामागे वस्तऱ्याच्या ताज्या रेघा,
बुटांच्या टोकांत छतावरचे दिवे.
भरती होऊन दहा आठवडे झालेत.
लढलेत ते चिखलाशी, आणि झोपेशी.

त्यांतला एक, छातीवरच्या पाटीवर टॉलिव्हर,
जागचा हलेना.
टाळ्या सुरू झाल्या होत्या.
पहिल्या वर्गाचे एक गृहस्थ त्याला आपली जागा देत होते,
देताहेत हे खांबापर्यंत ऐकू जाईल
अशा बेताने.
पोरगा माझ्या काउंटरवर वाकला:
"मॅम, मी अजून काहीच केलेलं नाही."

अजून, म्हणाला.
मी हातातला पास उगाच दोनदा स्कॅन केला.

"मग थांब बाजूला," म्हटलं, "तुझी मर्जी."
दुसरा गट गेला, सोनेरी कार्डवाले गेले,
ज्यांच्या कार्डाला धातूचं नाव आहे ते सगळे गेले.

पाचव्या गटात व्हर्नेल गॅस्किन्स.
जांभळी बॅग, चेन तुटलेली, वर खाकी चिकटपट्टी.
भिंतीशी लोखंडी चौकट आहे आमची, मापाची.
बॅग दोन बोटं वर राहिली.
"चाळीस डॉलर." हेही मला पाठ आहे.

ती काही बोलली नाही. खाली बसली, चिकटपट्टी सोलली,
एकावर एक तीन स्वेटर चढवले,
केकचा डबा काखेत मारला,
रात्रपाळीचे पांढरे बूट गळ्यात अडकवले लेसांनी.
मागे कुणीतरी हसलं.
बॅग अजून एक बोट वर.

"एकोणीस वर्षं," मग ती म्हणाली, माझ्याकडे न बघता,
"म्हाताऱ्या सैनिकांच्या आश्रमात
त्यांना कुशीवर वळवते, धुते, पुसते.
माझ्यासाठी माइकवर कुणी बोलू नका.
फक्त हे चाळीस सोडा."
सोडायला माझ्या पडद्यावर बटणच नाही.

टॉलिव्हर पुढे आला. "मला किती बॅगा फुकट?"
"पाच."
"माझी एकच आहे."
"बॅगेवर नाव ज्याचं त्याचंच लागतं, बाळा. नियम आहे."
तो गप्प. मीही.
माझे साहेब, प्रूडम, पलीकडे
चाकाच्या खुर्चीवरून कुणाशी तरी हुज्जत घालत होते,
पाठ आमच्याकडे.

प्रिंटर कधी नव्हे तो पहिल्या झटक्यात चालला.
टॉलिव्हर, आर., चार्ल्सटन, वेस्ट व्हर्जिनिया.
मी ते जांभळ्या मुठीला गुंडाळलं.
व्हर्नेलने चष्मा वर करून वाचलं.
"म्हणजे आता मी भरती झाले?"
"दहा आठवड्यांनी केस कापतात," तो म्हणाला.

केकचा डबा त्याने घेतला.
दोघं बोगद्यातून गेले, ती तीन स्वेटरांत घामाघूम,
तो तिच्या चालीने.
मागच्या रांगेतल्या आपल्याच जागेवर बसला, असं दरवाजावरची मुलगी म्हणाली.
गृहस्थ आपल्या जागेवर परतले होते,
थोडे घुश्शात.

जानेवारीत वरून मेल आला:
एका सैनिकाच्या नावे दोन बॅगा,
पैकी एक वर्णनाशी विसंगत. कारण द्या.
मी लिहिलं: घाई.

चौकट तिथेच आहे, बी-सातच्या भिंतीशी.
लोक तिच्यात कॉफीचे रिकामे पेले टाकतात.
सकाळी आल्यावर आधी मी ते काढते.